राज्य आणि खो

मुलांच्या खेळात इतरांना पकडण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याच्यावर ‘राज्य’ आले असे मराठीत म्हणतात. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रयोग थबकायला लावतो. मोठ्यांच्या जगात राज्य मिळवायचे असते. मुलांच्या जगात ते टाळायचे असते, आले तर निमूटपणे घ्यायचे असते आणि दुसऱ्याला शिवून त्याच्यावर सोपवायचे असते. राज्य न देता घरी पळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला घेत नाही. हरल्यावर भांडण उकरून काढणाऱ्याच्या खेळाला ‘रडीचा डाव’ म्हणतात. फार लहान असलेल्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळू देतात, पण बाद धरत नाहीत. कर्तव्य, न्याय आणि अनुकंपा यांसाठी सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ असे शब्द असतात आणि ते कोणत्याही शिक्षकाने त्याला शिकवलेले नसतात.

‘खेळातून चारित्र्य घडते’ हे वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. त्यावर माझा सरसकट विश्वास नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्याचा लाभ घेण्यासाठी दिलेली बनावट क्रीडा प्रमाणपत्रे उघडकीस आली आहेत. (ती मिळवणारे मैदानावर कधी गेलेच नव्हते, असे कोणी म्हणेल, पण ती देणारे तरी गेले असतीलच.) मैदान माणसाला आपोआप सज्जन करीत नाही. खेळ जे देतो ते त्याच्या नियमांच्या रचनेत दडलेले असते आणि प्रत्येक खेळाचे देणे वेगळे असते. म्हणून मी खेळला आहे त्या एकाच खेळाविषयी येथे लिहिते.

तो खेळ खो-खो. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याला नियमबद्ध रूप दिले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी ठरला. आमच्या लहानपणी मात्र तो शाळेच्या मागच्या पटांगणात चुन्याच्या रेघांवर खेळला जाई.

त्याचे नियम बारकाईने पाहण्याजोगे आहेत. नऊ जणींपैकी आठ जणी मधल्या पाटीवरील चौकोनांत बसतात, एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून, नववी धावते. तिने मधली पाटी ओलांडायची नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे फिरायचे नाही. पळणाऱ्या तिघींवर असे कोणतेच बंधन नाही. त्या बसलेल्यांच्या मधून आरपार जातात, हव्या तिकडे वळतात. पाठलाग करणारीला नियम अधिक आणि पळणारीला कमी, अशी ही विषम लढत आहे. एकटीच्या वेगाने ती जिंकता येत नाही. समोरची गडी चार पावलांवर दिसत असताना ती पाटीच्या पलीकडे निसटते. तेव्हा योग्य तोंडाने बसलेल्या सोबतिणीला पाठीमागून स्पर्श करून, मोठ्याने ‘खो’ म्हणून, तिच्या जागी आपण बसायचे. दमवले आपण, बाद करणार ती. आमच्या संघातली सर्वांत वेगवान मुलगी सर्वांत लवकर खो द्यायची. हे तिला कोणी समजावले होते असे मला आठवत नाही.

त्याहून अवघड असते ते बसणे. खो मिळाल्याखेरीज उठायचे नाही. हात जमिनीला टेकलेले, एक पाय मागे रोवलेला, डोळे समोर आणि कान पाठीमागे. पळणारी गडी हाताच्या अंतरावरून जाते. तिला सहज शिवता येईल, पण शिवायचे नाही, कारण आपली पाळी अजून आलेली नाही. कित्येकदा अख्खा डाव असा बसून जातो. तरीही एक क्षण ढिले बसलेले चालत नाही.

पुढे प्रबंधासाठी बोलीचे नमुने गोळा करताना मी गावोगावच्या वृद्धांपुढे तासन्‌तास बसले. हवे असलेले क्रियापदाचे रूप त्यांच्या बोलण्यात आपसूक येईपर्यंत मध्ये तोंड घालायचे नाही; आपण सुचवले की नमुना बिघडतो. माझे काही सहाध्यायी या कामाला कंटाळून गेले. मला ती बैठक परकी वाटली नाही.

गंमत अशी की, मराठीने या शब्दाशी उलटा व्यवहार केला आहे. ‘कामात खो घालणे’ म्हणजे अडथळा आणणे. मैदानावर ज्या उच्चाराने खेळ पुढे जातो, त्याच उच्चाराने व्यवहारात काम अडते. काही वर्षांपूर्वी एका स्वाध्यायात या वाक्प्रचाराचा अर्थ ‘पुढचे काम दुसऱ्याकडे सोपवणे’ असा लिहिलेला आढळला. मी तो चूक ठरवला आणि संपर्कसत्रात लिहिणारीला कारण विचारले. चाळिशीच्या आसपासच्या त्या बाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. नववीपर्यंत त्या शाळेच्या खो-खो संघात खेळल्या, जिल्हा स्पर्धेत उतरल्या. पुढच्या वर्षापासून त्यांच्या शाळेने मुलींचा संघ परगावी पाठवणे बंद केले. दहावीनंतर लग्न झाले. “आम्हांला खो म्हणजे आता आपण उठायचं, एवढंच ठाऊक, मॅडम,” त्या म्हणाल्या.

बी.ए.कडे कशा वळलात, असे मी विचारले. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी याच विद्यापीठातून पदवी घेतली होती. निकाल लागला त्या संध्याकाळी जाऊबाईंनी आपली सगळी पुस्तके यांच्या पुढ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. बाईंनी आधी पूर्वतयारी शिक्षणक्रम केला, मग पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला.

त्यांचे गुण मी वाढवले नाहीत. कोशातला अर्थ आजही अडथळ्याचाच आहे. बाईंनाही त्याचे काही वाटले नाही. नंतर तिसऱ्या वर्षात भाषाविज्ञानाचा पेपर त्यांना जड गेला. स्वनिमाचे प्रकरण तीनदा वाचून त्या पुन्हा शंका घेऊन आल्या, तेव्हा जाऊबाईही सोबत होत्या. वर्गाबाहेरच्या बाकावर, दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या.