मुखावांचून माता

अर्वाचीन चित्रकलेंत एक पंथ असा आहे, कीं जो वर्तमानपत्रांतील छायाचित्रें, जाहिराती, खेळणीं अशा सर्वपरिचित वस्तु घेतो आणि त्यांस स्वप्नांतल्यासारखें रूप देतो. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं उदय पावलेल्या या पंथास 'पॉप सर्रिअ‍ॅलिझम' म्हणतात. मकबूल फिदा हुसेन यांची गणना त्यांत कोणी करीत नाहीं. परंतु सिनेमाचे फलक रंगवून ज्यांनीं मुंबईंत पोट भरलें, त्यांचीं मदर तेरेसांचीं चित्रें पाहतांना आम्हांस या पंथाची आठवण होते खरी. हुसेन यांचा जन्म १९१५ सालीं पंढरपुरीं झाला. आमचें गांव उजनी जलाशयाच्या कांठीं, करमाळें तालुक्यांत. येथें अडविलेलें पाणी सोडलें म्हणजे पंढरपुरास जातें, एवढेंच काय तें आमचें नातें.

यांपैकीं एका चित्राची छापील प्रत आमच्या भाच्यानें मुंबईहून आणली. पांढरें पातळ, निळे कांठ, मांडीवर मूल, त्यास सांवरणारे हात. आणि पदराखालीं जेथें मुख असावें तेथें नुसता काळोख! १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळाल्यावर जो चेहरा जगांतील घरोघरीं ठाऊक झाला, नेमका तोच चित्रकारानें गाळला. भाचा म्हणाला, "मुख नाहीं, म्हणून ती सर्वांची आई." अर्थ वाईट नाहीं, पण फार सोपा आहे. हुसेन दीड वर्षाचे असतां त्यांची आई वारली. तिचें एकहि छायाचित्र मागें राहिलें नव्हतें. तेव्हां ही पोकळी आमच्या मतें अलंकार नव्हे, वस्तुस्थिति आहे. मांडीवरच्या मुलास चेहरा आठवत नसेल, पण पदर ओळखूं येतो. चित्रकाराचें सारें लक्ष पातळाच्या चुण्यांवर कां, हें त्यावरून उमगतें. पंढरपूरचा देव भक्तांची 'माउली' आहे, हा दुवाहि कोणी जोडील. आम्हांस तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

आमच्या आत्याबाईंनीं प्रत हातीं घेतली व विचारलें, "हिचं तोंड कुठं गेलं रे?" भाच्यानें हकीकत सांगितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. त्यांचीहि आई, म्हणजे आमची आजी, त्या दोन वर्षांच्या असतां गेली. त्या काळीं खेड्यांत छायाचित्र कोण काढणार! देव्हाऱ्यांत तिचा चांदीचा टाक आहे, पण त्यावरील मुद्रा सोनाराच्या सांच्यांतली. शेजारघरच्या टाकावरहि तीच. जुनें गांव पाण्याखालीं गेलें. पाणी फार ओसरलें म्हणजे तिकडे पळसदेवाचें देऊळ वर येतें, तसें इकडे एखाद्या वर्षीं आमच्या घराचें जोतें दिसतें. तेवढेंच.

आमच्या बंधूंच्या मनांत निराळेंच आहे. आत्याबाईंची व आमच्या वडिलांची मुद्रा संगणकावर एकत्र करून आजीचा चेहरा सिद्ध करावयाचा, आणि ती तसबीर सोप्यांत लावावयाची. आगाऊ पैसेहि त्यांनीं देऊन ठेविले आहेत. आत्याबाईंस हें मुळींच मान्य नाहीं. "दुसऱ्याचं तोंड माझ्या आईला नको," असें त्यांनीं साफ सांगितलें. मग ट्रंकेंतून आजीचें इरकली लुगडें काढून भाच्यापुढें ठेविलें आणि म्हणाल्या, "बाळा, हा कांठ नीट काढ. वर कांही काढूं नकोस."