ऊस आणि फुटबॉल

आमच्या करवीर तालुक्यात ऊस तुटायला लागला की तिकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगायचा. आधी केएसएची लीग, मग पाऊस येईपर्यंत एकेक चषक. संघ तालमींचे नि पेठांचे : पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण. आमच्या गावातही तालीम होती, पण कुस्तीची. माझा दुधाचा रतीब मंगळवार पेठेत, म्हणून मी पाटाकडीलचा.

दूध घालून झालं की रिकाम्या किटल्या सायकलला तशाच ठेवून पायरीवर बसायचं. शेजारचा विचारायचा, "कुठल्या पेठंचा रं?" गावाचं नाव सांगितलं की हसायचा. पण संघ हरत असतानाही मी दिसायला लागलो, तसं त्याचं हसणं थांबलं. शिवाजी तरुणकडून हरलो त्या संध्याकाळी त्यानंच अर्धा चहा माझ्यापुढं सारला. "दूधवाल्या, पुढच्या मॅचला जागा धरतो. ये."

पेठ काही जन्मानं मिळाली नव्हती. ती मला हरलेल्या सामन्यांनी दिली.

आबा म्हणायचे, "बिनपगारी नोकरी धरलीयास." पण सामन्याच्या दिवशी उसाला पाणी पाजायची पाळी त्यांनी माझ्यावर कधी टाकली नाही. रात्री जेवताना तेवढं विचारायचे, "काय झालं रं तुमचं?"