एक तोळ्याची गोळी

थ्री-नॉट-थ्री हे नाव आपल्याकडे पोलिसांमुळे माहीत असतं. बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या खांद्याला लटकलेली जड, लाकडी रायफल. २६/११ ला सीएसटीवर काही पोलिसांच्या हातात तीच होती. कॅनडात, अल्बर्टात नोकरीला आल्यावर कळलं की इथे लोक तिने हरणांची शिकार करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या जुन्या ली-एनफिल्ड स्वस्तात विकल्या गेल्या. शेतकऱ्यांनी त्या घेतल्या, पुढचं लाकूड कापून हलक्या केल्या आणि शिकारीला लावल्या.

आमच्या टीममधला एक सिनियर दर नोव्हेंबरात वडिलांची रायफल घेऊन जातो. टोरांटोजवळच्या लाँग ब्रांच कारखान्यात १९४३ साली बनलेली. वडिलांनी जमवलेल्या गोळ्यांचा साठा गेल्या वर्षी संपला. तो काडतुसं घरीच भरतो, त्यामुळे पुढची गोळी वेगळी निवडता येते. सल्ल्याला मी, कारण माझ्याकडे मायक्रोमीटर आहे. मेकॅनिकलची डिग्री घेऊन कोड लिहिणाऱ्या असंख्य मराठी मुलांपैकी मी एक.

माझा पहिला प्रश्न साधा होता: सैन्याचीच जुनी काडतुसं का नाही वापरायची? तर इथल्या कायद्याने मोठ्या प्राण्यावर न फुलणारी गोळी चालवता येत नाही. सैन्याच्या गोळीवर पूर्ण धातूचं कवच असतं. ती अंगातून आरपार जाऊ शकते, आणि बारीक भोक पडलेलं जनावर मैलभर लांब जाऊन झुडपात तासन् तास मरत पडतं. शिकारीची गोळी टोकाला उघडी असते. आतलं मऊ शिसं मांसात शिरताच छत्रीसारखं फुलतं.

गंमत म्हणजे ही उघड्या टोकाची युक्ती थ्री-नॉट-थ्रीसाठी आपल्याकडेच झाली होती. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने १८९० च्या दशकात गोळीच्या टोकावरचं कवच काढलं. १८९९ च्या हेग परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्यांना युद्धात बंदी आली. मग १९१० मध्ये ब्रिटिशांनी मार्क सेव्हन आणली. कवच पूर्ण, पण आत टोकाशी हलकं अ‍ॅल्युमिनियम आणि मागे जड शिसं. अंगात शिरली की ती कोलांटी खाते. नियमाचं अक्षर पाळून अर्थ चुकवायचा, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना काही नवीन नाही. पण माणसाला मारताना जी गोळी क्रूर म्हणून वर्ज्य, तीच हरणाला मारताना दयेपोटी सक्तीची, हे मला अजून पचलेलं नाही. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद मात्र कळतो.

आता मोजमाप. नावात .३०३ असलं तरी ते नळीतल्या उंचवट्यांमधलं अंतर आहे. खाचांमधलं अंतर त्याहून जास्त, म्हणून गोळी ०.३११ किंवा ०.३१२ इंचाची लागते. दुकानात सगळीकडे मिळणारी ०.३०८ ची गोळी या नळीत सैल पडते. त्यात युद्धकाळातला माल घाईत बनलेला, शिवाय आता झिजलेला. आम्ही मऊ शिशाचा गोळा तेल लावून पितळी दांडीने नळीतून ठोकत नेला. एनफिल्डला साधारण पाच खाचा असतात, आणि पाच खाचांचा ठसा मायक्रोमीटरने मोजणं म्हणजे डोकेदुखी. नशिबाने ही युद्धकाळातली दोन खाचांची नळी निघाली. आकडा आला ०.३१४. ब्रँडवर वाद घालणाऱ्यांनी आधी नळी मोजावी, असं माझं मत झालंय.

अशा ढिल्या नळीत निमुळत्या बुडाची गोळी नीट धरत नाही. सपाट बुडाची मागून दाब बसताच किंचित पसरते आणि नळी भरते. शंभर मीटरवर कागदावर फरक स्वच्छ दिसला: निमुळतीची भोकं वीतभर विखुरली, सपाटची चार बोटांत आली. तांब्याच्या गोळीचाही विचार केला, कारण शिशाचे कण मांसात राहतात. त्यासाठी कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिसं बंदच केलंय. पण तांबं फुलायला वेग लागतो, आणि ही रायफल काही फार वेगवान नाही. शेवटी ०.३१२ ची, सपाट बुडाची, १८० ग्रेनची मऊ टोकाची गोळी ठरली. आणि अंतर शंभर मीटरच्या पुढे नाही, हेही.

१८० ग्रेन म्हणजे किती, म्हणून मी सहज हिशेब केला. ११.६६ ग्रॅम. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा नेमका १८० ग्रेनचा ठरवला होता. म्हणजे बरोबर एक तोळा.

हरीण मिळालं. मी नुसता बरोबर होतो. सांगलीला आईला फोनवर सांगितलं, तर ती आधी गप्पच.

"तू नाही ना मारलंस?"

"नाही गं. मी फक्त मोजून दिलं."

"म्हणजे गोळी तू निवडलीस."

"दोघांनी मिळून."

"लगेच गेलं का रे?"

"चाळीसेक पावलं पळालं. मग पडलं."

"चाळीस पावलं म्हणजे किती वेळ?"

"चार-पाच सेकंद," मी म्हणालो.