पुतळ्यांचं गाव

मुलांनो, पुतळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चौकातला उंच चौथरा, घोड्यावर बसलेले छत्रपती शिवाजी महाराज, जयंतीला घातलेला भलामोठा हार. हो ना? पण साध्यासुध्या कुंभाराचा किंवा न्हाव्याचा पुतळा कधी पाहिलाय?

आमच्या कारेगावच्या शाळेची सहल यंदा असेच पुतळे पाहायला कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात गेली. तिथे २००७ साली सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय सुरू झालं. संग्रहालय म्हणजे काचेची कपाटं, अशी मुलांची समजूत. इथे मात्र मोकळ्या आभाळाखाली अख्खं गाव वसवलंय! सुमारे ८० देखावे आणि ३०० च्या आसपास पुतळे. नांगर धरलेला शेतकरी, चाकावर मडकं घडवणारा कुंभार, भात्याजवळचा लोहार, हजामत करणारा न्हावी... सगळं इतकं हुबेहूब, की पहिलीतली एक चिमुरडी बैलाजवळ जायलाच तयार होईना!

लंडनला मादाम तुसाँचं प्रसिद्ध संग्रहालय आहे. तिथले पुतळे मेणाचे. मेणाला ऊन सोसत नाही, म्हणून ते घरात ठेवावे लागतात. कणेरीचे पुतळे सिमेंटचे. ते ऊन खातात, कोल्हापूरचा धो धो पाऊसही झेलतात. आणखी एक फरक आहे. तिथे राजे, नट, खेळाडू अशी नामवंत मंडळी. इथे मात्र ज्यांच्या कष्टावर गाव चालायचं, ती बिननावाची माणसं.

त्या काळी गावात रोख पैसा थोडा. लोहार वर्षभर शेतकऱ्याची अवजारं दुरुस्त करायचा आणि सुगीला त्याच्या खळ्यावरून धान्य न्यायचा. त्यालाच बलुतं म्हणत. हे मी सांगत होते, तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, लोहाराच्या मुलाला शिक्षक व्हायचं असलं तर?"

प्रश्न लाखमोलाचा होता. तेव्हा कुणी काय काम करायचं हे जन्मावरून ठरायचं. कित्येकांना तर सार्वजनिक पाणवठ्यावर पाणीही भरू देत नसत. त्या हक्कासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पुतळ्यांचे चेहरे शांत दिसतात. ही गोष्ट त्यांच्याकडे पाहून कळत नाही, ती विचारावी लागते.

आमचं कारेगाव शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून. जिथे शेतं होती, तिथे आता कारखाने उभे आहेत. दूरदूरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून माणसं कामाला आलीत. त्यांची मुलं माझ्या वर्गात बसतात. म्हणून परतताना गाडीत मी विचारलं, "पन्नास वर्षांनी आपल्या गावाचे पुतळे केले, तर कुणाकुणाचे करायचे?"

मग काय, एकच गलका झाला! कंपनीच्या गाडीची वाट पाहणारे कामगार, खानावळीच्या मावशी, टेम्पोवाले काका, मेंढरं राखणारे आजोबा. मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "माझी आई. रात्रपाळीहून आल्यावर भाकरी थापते ना, तेव्हाची."

त्याचं नाव... नको, ते आमच्या वर्गातच राहू दे. तुम्हीही आपल्या गावाची अशी यादी करा बरं! आणि यादीतल्या एकाजवळ तरी जाऊन बसा, त्याच्या कामाबद्दल विचारा. पुतळा होईपर्यंत कशाला थांबायचं?