उत्तर बरोबर, रीत चूक

आमच्या नागावात लोकरीचा स्वेटर घालायला वर्षाकाठी फार तर आठ-दहा पहाटा मिळतात. अलिबागचा किनारा हा असा. समुद्रावरचा खारा दमट वारा, आणि होळी पेटायच्या आधीच घामाच्या धारा. अशा गावात राहून मी जन्मभर स्वेटर विणत आले. नोकरी लागली त्या वर्षापासून एक वही ठेवली आहे. तारीख, वस्तू, लोकर किती, कोणासाठी, असे चार रकाने. (मास्तरीण असल्याने रकाने आखल्याशिवाय चैन पडत नाही.) त्या वहीत १४३ नग आहेत. टोपडी, मोजे, झबली, मफलर, हाफ स्वेटर, पूर्ण बाह्यांचे स्वेटर, सगळं धरून. आता सांगा, त्यातले माझ्या स्वतःच्या अंगासाठी किती असतील?

शून्य! आणि हे ध्यानात यायला चक्रीवादळ यावं लागलं.

पण आधी सुरुवात सांगते. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचं युद्ध सुरू झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. देशभर बायका-मुली जवानांसाठी विणत होत्या. आमच्या शाळेतही शिवणाच्या तासाला मफलर आले. हिरवट करड्या रंगाची लोकर प्रत्येकीला मोजून मिळाली. मला तोवर सुलट टाका तेवढा येत होता. वीतभर विणून झाल्यावर बाईंनी मफलर उजेडाकडे धरला. मधोमध एक टाका निसटून खाली पार भोक गेलेलं. "सीमेवरच्या जवानाला भोकाचा मफलर पाठवणार?" असं म्हणून बाईंनी सुई काढून घेतली आणि सर्रकन सगळं उसवलं. मी वर्गात रडले. परत टाके घातले, परत विणला. तो पुरा होईपर्यंत नोव्हेंबर उलटत आला होता आणि लढाई थांबली होती. मी हिरमुसून बाईंना म्हटलं, "आता काय उपयोग?" बाई म्हणाल्या, "लढाई थांबली, थंडी थांबली का?"

तो मफलर पुढे कुठे गेला कोण जाणे. पण विणलेलं दुसऱ्यासाठी असतं, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढे नोकरीत स्टाफरूममध्ये आम्हा तिघी-चौघींच्या सुया चालायच्या. नमुने हिंदी मासिकांच्या बुनाई विशेषांकांतून घ्यायचे. त्यात टाक्यांना 'फंदे' म्हणतात. एकदा मी मोठ्याने "अस्सी फंदे" असं वाचत होते तर पेपरमागून आमच्या 'ह्यां'चा आवाज आला, "एवढेच? मला वाटलं जास्त असतील तुझे फंद!" तेव्हापासून आमच्या घरी विणकामाचं नाव 'फंद' असंच आहे.

या फंदात फजित्या काही कमी झाल्या नाहीत. दिवाळीनंतर देशावरचे धनगर घाट उतरून कोकणात येतात. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मेंढरं बसवतात. लेंडीचं खत शेताला मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. त्यांच्यातला एक म्हातारा चालता चालता टकळीवर सूत काढत जायचा. मला वाटलं, इतकी वर्षं दुकानातली लोकर विणतो, दारावरून जाते ती का नको? थोडं सूत विकत घेतलं आणि ह्यांना बिनबाह्यांची बंडी विणली. दख्खनी मेंढीची लोकर राठ. ती घोंगडीसाठीच. घोंगडी वर्षानुवर्षं ऊन-पाऊस सोसते ती या राठपणामुळेच. पण बंडी अंगात घातल्यावर हे पाच मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, "अगं, माल चांगला आहे, पण मेंढीला हा आतल्या बाजूने टोचत नसणार!" बंडी पुढे मांजरीच्या टोपलीत गेली. वहीत नग क्रमांक ८८.

आता वादळाचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी १००-११० किलोमीटरचा. करोनामुळे आधीच सगळे घरात कोंडलेले, त्यात डोक्यावरची कौलं पत्त्यांसारखी उडाली. मागच्या वाडीत पोफळी कडाकड मोडत होत्या, तो आवाज अजून झोपेत येतो. सासऱ्यांच्या हातचे चार माड गेले. आमच्या आळीत वीज यायला तीन आठवडे लागले.

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक पाण्याने भरली होती. तिच्यात जपून ठेवलेले स्वेटर होते, डांबराच्या गोळ्या घालून, कसर लागू नये म्हणून. दोन दिवसांनी ऊन पडलं तेव्हा अंगणात एकेक काढून मांडत गेले. मुलाचं पहिलं झबलं, ह्यांचे तीन हाफ स्वेटर, नणंदेने "घट्ट होतो वहिनी" म्हणून परत दिलेला एक. आणि नातवाचा निळा.

त्या निळ्याचं जरा सांगते, कारण त्यावरून मी महिनाभर सूनबाईशी धड बोलले नव्हते. शुद्ध लोकरीचा, वेलबुट्टीचा, दोन महिने खपून विणलेला. तो पुण्याला चुकून वॉशिंग मशीनमध्ये गेला. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून पुठ्ठ्यासारखं होतं. चार वर्षांच्या मुलाचा स्वेटर बाहुलीला येईल एवढा झाला. सूनबाईने फेकून न देता माझ्याकडे आणून दिला, "आई, सॉरी," म्हणाली. मी हूं की चूं केलं नाही. (न बोलणं हे बोलण्यापेक्षा जास्त लागतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलाय.)

पण अंगणात तो ओला निळा गोळा हातात घेतल्यावर वाटलं, मी तिला कधी विचारलं होतं का, की बाई गं, तू नोकरी करतेस, तुला हाताने धुवायचे कपडे झेपतील का? मुलाचं माप तरी मागितलं होतं का? 'वाढत्या अंगाचा' म्हणून अंदाजाने विणायचा आणि मग त्यांनी तो प्रेमाने वापरावा अशी अपेक्षा करायची! १४३ नगांपैकी मी माप घेऊन विणलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील. अंगणभर स्वेटर पसरले होते, आणि त्यात माझा म्हणावा असा एकही नव्हता.

पोफळ आज लावली तर धरायला सहा-सात वर्षं जातात. लोकर तेवढी उसवून परत विणता येते. त्या अंधाऱ्या आठवड्यांत मी संध्याकाळी बसून ते भिजके स्वेटर उसवत राहिले. निळा उसवला जाईना, खवले गच्च अडकलेले. तो तसाच ठेवला आहे.

मग २०२२ मध्ये उजव्या अंगठ्याने संप पुकारला. मुळाशी सांधा झिजलाय असं निघालं. डॉक्टर म्हणाले, बंद करू नका, पण दिवसातून एकच बैठक, तीही वीस मिनिटांची. घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. मिनिटाला माझे वीस टाके, म्हणजे दिवसाला चारशे. एवढेच शिल्लक! आणि तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, यातले थोडे मी माझ्यासाठी खर्च केले तर?

खरं सांगते, चोरी केल्यासारखं वाटलं. नात नुकतीच म्हणाली होती, "आजी, मला एक क्रॉप टॉप कर ना क्रोशाचा." तिला "बघू" म्हटलं आणि स्वतःसाठी जाड सुती धागा आणला. साडीवरून घालायचं पुढून बटणांचं जाकीट. आमच्याकडे थंडी नसली तरी बँकेत, दवाखान्यात आणि मांडव्याच्या बोटीत एसी असतो ना!

आता गणित. आधी चौकोनी नमुना विणायचा आणि एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचं. माझे साडेपाच आले. छातीचं माप मी ३६ धरलं. कुठून? निवृत्तीच्या वेळी शिंप्याच्या वहीत होतं तेच! टेप घ्यायला मन धजेना. वर दोन इंच सैलपणा, म्हणजे ३८. गुणिले साडेपाच, २०९ टाके. सात महिन्यांत बाह्या-बटणपट्ट्यांसकट पुरं झालं. घालून बघितलं तर बटणं आणि काजी यांच्यात तीन-चार बोटांचं अंतर. उसवलं.

मग ह्यांना बोलावलं, "अहो, पाठीमागून जरा टेप धरा." मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा चष्मा लावून ह्यांनी आकडा वाचला, "चाळीस." मग जरा थांबून, "शाळेत पासापुरते ३५ लागतात. तू उत्तम पास!" पन्नास वर्षांच्या संसारात माझं माप ह्यांनी पहिल्यांदा घेतलं आणि मीही ते पहिल्यांदाच ऐकून घेतलं.

चाळीस अधिक दोन, ४२. गुणिले साडेपाच, २३१ टाके. या खेपेला बटणं लागली. पहिल्यांदा धुतलं, सुती कापड ओलं झालं की जड होऊन लोंबतं म्हणून दोरीवर न टांगता चटईवर आडवं वाळवलं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर ४६ इंच! माझा हात घट्ट, आणि सुताला लोकरीसारखा ताण नसतो. पाण्यात टाके सैलावले ते परत आवळले नाहीत. नमुना धुऊन मग मोजायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. पण ऐकतंय कोण! तोच जुना नमुना धुतला, वाळवला, मोजला. इंचाला बरोबर पाच टाके. उसवलं.

तिसरी खेप. ४२ गुणिले ५. किती? २१०.

मी वहीकडे बघतच राहिले. पहिल्या वेळी किती होते? २०९. म्हणजे ते पहिलं, जे मी रागारागाने उसवलं, ते नुसतं धुतलं असतं तर पावणेबेचाळीस इंचांचं होऊन अंगाला चपखल बसलं असतं! खोट्या मापावरून काढलेलं उत्तर आणि खऱ्या मापावरून काढलेलं उत्तर यांत एका टाक्याचा फरक. वर्गात एखाद्या मुलाची अशी वही आली असती तर मी लाल शाईत लिहिलं असतं, 'उत्तर बरोबर, रीत चूक', आणि गुण कापले असते. आता कापा म्हणावं स्वतःचे.

तिसरं जाकीट २०२४ च्या दिवाळीत पुरं झालं. धडाचेच टाके बत्तीस हजारांवर. दिवसाला चारशे धरले तर नुसत्या धडाच्या ८१ बैठका. अलिबागच्या बाजारात तयार जाकीट चार-पाचशेला मिळतं, माझा धागाच अकराशे सत्तरचा. सुयांवरचं विणकाम यंत्राने होतं. इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र काढलं ते १५८९ मध्ये. क्रोशाचं मात्र अजून तसं होत नाही, अस्सल क्रोशे हातानेच होतं. म्हणजे दुकानात स्वस्तात टांगलेला क्रोशाचा टॉप कोणा बाईच्या अंगठ्यातून आलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांची लेस परदेशी जायची आणि त्यांचं काम मात्र घरबसल्या बायकांचा फावला वेळ म्हणून मोजलं जायचं. माझ्या वहीतही चार रकाने आहेत, पण 'तास' हा रकाना नाही. परवा पाचवा आखला.

नग क्रमांक १४४. कोणासाठी, या रकान्यात 'स्वतः' लिहिताना पेन जरा अडखळलं. एका बाजूला सहा काजी आणि दुसरीकडे सात बटणं झाली आहेत. सातवं तसंच शोभेला ठेवलं. परत उसवायचा धीर नाही आणि अंगठाही नाही.

नातीला मे महिन्यात सांगितलं, टॉप करून देणार नाही, शिकवते. एक-दोन दिवस गाल फुगले. मग बसली क्रोशाची सुई घेऊन. साखळी, मुका खांब, खांब... आठवड्याने एक चौकोन घेऊन आली. मोजपट्टी लावून म्हणाली, "आजी, हा लहान झाला. उसवू?"

"थांब," म्हटलं. "आधी धू."