वडिलांचा व्यवसाय

समुद्रावरची पहाट या विषयावर आपल्या अंकात पूर्वीही लेख आले असतील. लाटांची गाज, क्षितिजावरची लाली, माडांच्या झावळ्या हे सगळे त्यांत असणारच. मी ही पहाट लहानपणापासून पाहत आलो आहे, पण तिच्याविषयी लिहावे असे मला कधी वाटले नाही. शेतकऱ्याच्या मुलाला नांगरणीचे काय कौतुक, तसेच ते. तरी यंदाच्या मार्गशीर्षातली एक पहाट मला लिहिलीच पाहिजे. ती लिहिल्यावाचून माझ्याच्याने पुढे जाववणार नाही.

माझे गाव देवबाग. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, आणि तिच्याही पुढे एका बाजूला अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी आहे, त्या पट्टीवर आमचे गाव वसले आहे. काही ठिकाणी तर एका पाण्याकाठी उभे राहून हाक मारली तर दुसऱ्या पाण्याकाठी ऐकू जावी. वडील चौथीपर्यंत शिकले. आई शाळेत गेलीच नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला.

वडील पूर्वी रापणीवर जात. किनाऱ्यावरून पसरलेले ते मोठे जाळे ओढायला पंचवीस-तीस माणसे लागत, आणि मिळेल ती मासळी सगळ्यांत वाटली जाई. पुढे मोठ्या यांत्रिक नौका आल्या, किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली, रापणीची माणसे पांगली. घरची एक लहान होडी होती, ती १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात फुटली. तेव्हापासून वडील दुसऱ्याच्या पर्यटक होडीवर रोजाने तांडेल आहेत. पहाटे पर्यटकांना घेऊन जायचे, डॉल्फिन दाखवायचे, बेटे दाखवायची आणि उन्हे चढण्याआधी परत आणायचे.

कोल्हापूरला वसतिगृहात आल्यावर पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मित्रांनी विचारले, “तुझे वडील काय करतात?” त्यांच्यापैकी कोणाचा ऊस होता, कोणाचे वडील शिक्षक होते. मी म्हणालो, “पर्यटनाचा व्यवसाय आहे.” कॉलेजच्या प्रवेश अर्जातही ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘पर्यटन’ असेच लिहिले होते. ते खोटे होते असे कोणी म्हणू शकणार नाही. पण खोटे बोलायला दर वेळी खोटा शब्द लागतो असे नाही, हे त्या दिवशी मला कळले.

डिसेंबरात भूगोल विभागाची सहल मालवणला जाणार अशी सूचना फलकावर लागली. टी.वाय.चा वर्ग होता, पण एस.वाय.च्या विद्यार्थ्यांनाही परवानगी होती. मी नाव दिले नाही. “पाहिलेलंच आहे सगळं,” असे मित्रांना सांगितले आणि त्याच आठवड्यात आईला बरे नाही असा अर्ज देऊन गावी आलो. आई ठणठणीत होती. वडिलांचा खलाशी मात्र सुट्टीवर गेला होता, म्हणून मीच त्यांच्याबरोबर होडीवर जाऊ लागलो.

आमच्याकडे होड्या नंबराने लागतात. आलेल्या पर्यटकांना ज्या होडीचा नंबर असेल ती होडी घ्यावी लागते.

त्या दिवशी वडिलांनी पाच वाजता उठवले. “ऊठ रे झिला, मतलई सुटलो हा.” मतलई म्हणजे पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. तो असेपर्यंत समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत असतो. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू झाला की लाटा उठतात. म्हणून तर आमचा सगळा धंदा पहाटेचा. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. पश्चिमेला समुद्रावर चंद्र अजून होता, आणि पूर्वेला कर्लीच्या पलीकडच्या डोंगरांमागे फिकट उजेड येत होता.

धक्क्यावर पंचवीसेक मुलामुलींचा घोळका उभा होता. कानटोप्या, स्वेटर, हातांत वह्या. वह्या पाहून मी थबकलो. तेवढ्यात सरांचा आवाज ऐकू आला. पहिल्या वर्षी शंभरांच्या वर्गात त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला होता, त्यामुळे त्यांनी मला चेहऱ्याने ओळखण्याचा संभव नव्हता. पण घोळक्यात वसतिगृहातल्या शेजारच्या खोलीतला एक सीनियरही होता.

आणि नंबर आमच्या होडीचा होता.

मी वडिलांच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, “बाबा, ही आमच्या कॉलेजातली माणसां. माझी वळख सांगू नको.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, का म्हणून विचारतील. ते एवढेच म्हणाले, “बरा.”

मी टॉवेल डोक्यावरून घेऊन तोंडाभोवती गुंडाळला, वर टोपी चढवली. थंडीत खलाशी असेच बसतात. निम्मी मुले आमच्या होडीत व निम्मी मागच्या होडीत बसली. सर आमच्याच होडीत आले. मी सगळ्यांना लाइफ जॅकेटे वाटली, दोर सोडला आणि नाळेवर जाऊन पाठमोरा बसलो.

ओहोटीच्या ओढीबरोबर होडी नदीच्या मुखाकडे निघाली. डावीकडे भोगव्याचा किनारा, उजवीकडे आमच्या गावाचे शेवटचे टोक. नदी समुद्राला मिळते तिथे पाणी उसळते. वडील उभे राहिले, दोन लाटा जाऊ दिल्या आणि तिसरीच्या पाठीवरून होडी अलगद बाहेर काढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागून सरांचा प्रश्न ऐकू आला, “जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांना काय म्हणतात?” दोघे-तिघे एकदम म्हणाले, “मतलई वारे!”

वडिलांनी चमकून मान वळवली. आपल्या घरातला शब्द शहरातल्या मुलांच्या तोंडी ऐकून त्यांना नवल वाटले असावे. मला मात्र वेगळेच आठवले. शाळेत ‘खारे वारे व मतलई वारे’ यांतील फरक मी पाठ केला होता, परीक्षेत गुणही मिळवले होते. पण पुस्तकातला मतलई आणि आमच्या ओसरीवरचा मतलई हे एकच, असे मला तेव्हा वाटलेच नव्हते. पुस्तकातला तो काहीतरी मोठा, असे मी धरून चाललो होतो.

निवतीच्या दिशेने थोडे गेल्यावर वडिलांनी इंजिन बंद केले. “आता आवाज करू नकात,” ते म्हणाले. काही वेळाने पंधरा-वीस वावांवर पाण्यातून एक करडी पाठ वर आली, मग दुसरी, मग एका पिलाची. एक मुलगी हळूच म्हणाली, “जवळ घ्या ना काका.” वडील म्हणाले, “आपण मागे लागलो तर ते जातत. गप रवलो तर तेच येतत.” मग सरांनी विचारल्यावरून ते सांगू लागले, की पूर्वी याच डॉल्फिनांनी जाळी फाडली की ते त्यांना शिव्या घालीत. जाळ्यातली मासळी ओढताना जाळेही जाई. आता त्यांच्याच दर्शनावर घर चालते. ते हे हसून सांगत होते. सर हसले नाहीत, वहीत काहीतरी टिपून घेत राहिले.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही निवतीच्या खडकांसमोर होतो. कोवळ्या उन्हात ते पिवळेजर्द दिसतात, म्हणून पर्यटक त्यांना ‘गोल्डन रॉक्स’ म्हणतात. दक्षिणेला दूर पाण्यात वेंगुर्ले रॉक्सची बेटे आणि त्यांवरचे दीपगृह पुसट दिसत होते. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, हे वडिलांनी सांगितले. आदल्या दिवशी मुलांनी कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग पाहिला होता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याच्या बांधकामाचा मुहूर्त झाला, आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे, यावर सर व मुले बोलत होती. परतीच्या वाटेवर नदीमुखाजवळच्या वाळूवर कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता. होडी दिसताच तो एकदम उडाला आणि पुन्हा तिथेच उतरला.

साडेसातच्या सुमारास होडी सुनामी बेटाला लागली. मी उडी मारून गुडघाभर पाण्यात नांगर टाकला. हे बेट म्हणजे नदीमुखाच्या आत पाण्यातून वर येणारा वाळूचा उंचवटा. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने ही वाळू आणून टाकली असे लोक सांगतात. सरांनी वडिलांना त्याविषयी विचारले. वडील म्हणाले, “नाव सुनामीचा, पण वाळू कर्लीची. नदी हाडता आणि दर्या पसरता.”

“वाळूचा दांडा,” सर मुलांना म्हणाले. “आपण पुस्तकात वाचला तो हा. यांनी एका वाक्यात सांगितलं.” मग त्यांनी विचारले, “आत्ता ओहोटी असेल हे तुम्हांला कसं कळलं?”

“आज बीज. दोनाचे पाऊणपट दीड. रातीक दीड वाजता भरती. थयसून सा तासांनी सुकती, म्हणजे साडेसात.”

सरांनी घड्याळ पाहिले. सात वाजून पस्तीस मिनिटे झाली होती. “कुठल्याही तिथीला असंच?”

“खयच्याय. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची येळ. थोडा मागेपुढे होता.” आणि त्यांनी षष्ठी, अष्टमी, दशमी असा हिशेब तोंडी करून दाखवला. साडेचार, सहा, साडेसात. एकदाही अडखळले नाहीत.

इकडे तो सीनियर माझ्याकडे मोबाइल पुढे करून म्हणाला, “दादा, आमचा एक फोटो काढ ना.” त्याने मला ओळखले नव्हते. सगळे ओळीने उभे राहिले. मी फोटो काढला. माझ्याच कॉलेजचा फोटो मी काढत होतो आणि त्यात मी नव्हतो.

मोबाइल परत देत असतानाच सरांचा पुढचा प्रश्न कानावर आला. “मुलं किती तुम्हांला?”

“एकच झील. कोल्हापुराक शिकता. बी.ए.क आसा.”

“अरे वा! कोल्हापुरात? कुठल्या कॉलेजात?”

वडील जरा थांबले. मग पाण्याकडे बघत म्हणाले, “कॉलेजाचा नाव काय ता माझ्या ध्यानात ऱवना नाय.”

दोघे-तिघे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हते. अडाणी माणसाच्या भोळेपणाला माणसे हसतात, तसे ते हसले.

मित्रहो, दर महिन्याला वसतिगृहावर एस.टी.च्या पार्सलने एक पिशवी येते. तिच्यात सुकी मासळी, सोले आणि पोहे असतात. पिशवीवर वडिलांच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत माझे नाव, वसतिगृह, कॉलेजचे पूर्ण नाव आणि पिनकोड लिहिलेला असतो. एक काना-मात्रा चुकलेली नसते. ज्याला सगळ्या तिथींची भरती तोंडपाठ आहे, तो माणूस मुलाच्या कॉलेजचे नाव विसरला असे मुलांसमोर सांगत होता. खोटे बोलायचे नव्हते आणि मला दिलेला शब्दही मोडायचा नव्हता, म्हणून त्याने स्वतःला अडाणी ठरवून घेतले. आणि खोटे तर त्याला तरीही बोलावेच लागले. ते मी बोलायला लावले.

मी टॉवेल सोडला. काय बोलायचे हे ठरवले नव्हते. म्हणालो, “सर, आपलंच कॉलेज. मी एस.वाय.बी.ए.ला आहे. हे माझे वडील.”

कोणी काही बोलले नाही. सीनियर हातातल्या मोबाइलकडे बघत राहिला. सरांनी माझ्याकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले. ‘अर्जात आईचं आजारपण लिहिलं होतंस ना?’ असे काही विचारतील म्हणून मी मान खाली घातली. पण ते मुलांकडे वळून म्हणाले, “वह्या काढा. मघाचा भरतीचा हिशेब सगळ्यांनी लिहून घ्या.” आणि वडिलांना म्हणाले, “तुम्ही परत एकदा सांगा. सावकाश सांगा.”

वडील विलक्षण संकोचले. एरवी वादळाच्या तोंडी होडी घालणारा हा माणूस त्या वह्यांसमोर उभा राहून चाचरत होता. दशमीला त्यांनी सात सांगितले आणि पुन्हा दुरुस्त करून साडेसात म्हटले. मग त्यांची नजर पाण्याकडे गेली, आणि एकदम नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, “चला, चढा सगळी. पाणी भरूक लागला.”

मी नांगर उचलला. आम्ही धक्क्याकडे निघालो तेव्हा बेटाची कड पाण्याखाली जाऊ लागली होती.

मुले गेल्यावर होडी धुताना आम्ही दोघेच होतो. मला माफी मागायची होती, पण आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. वडिलांनीच विचारले, “तुझे सर रागावले नाय मां?” मी नाही म्हटले. “मगे बरा,” ते म्हणाले, आणि दोर गुंडाळून ठेवायला सांगितला. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

कॉलेजात परत आल्यावर मी सरांना भेटून खोट्या अर्जाविषयी सांगितले. त्यांनी मला शिक्षा केली नाही, हा लेख लिहायला सांगितले. मला वाटते, ती शिक्षा सोपी नव्हती. कारण माझ्या खोलीतले मित्र हा अंक वाचणार आहेत, आणि ‘पर्यटनाचा व्यवसाय’ त्यांच्या लक्षात असेल.

गेल्या महिन्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. तोच रकाना पुन्हा समोर आला. मी तिथे ‘तांडेल (रोजंदारी)’ असे लिहिले. खिडकीवरच्या कारकुनांनी विचारले, “तांडेल म्हणजे काय?” मागे रांग होती, तरी मी त्यांना नीट समजावून सांगितले.