तानसेनाची चिंच

ग्वाल्हेरच्या हजिरा भागात सूफी संत महंमद घौस यांचा भव्य मकबरा आहे. त्याच्या दगडी जाळ्या पाहताना नजर ठरत नाही. परंतु गाण्याच्या शौकिनाचे पाय वळतात ते शेजारच्या लहानशा चौथऱ्यावरील तानसेनाच्या कबरीकडे. कबरीइतकीच तेथील चिंचेची ख्याती. तिचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही श्रद्धा फार जुनी आहे.

चिंच आपण अस्सल देशी मानतो. अरबांनी तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले आणि १७५३ साली लिनीअसने तिच्या शास्त्रीय नावातही 'इंडिका' ठेवले. वास्तविक तिचे माहेर उष्ण कटिबंधातील आफ्रिका. प्राचीन काळीच ती येथे आली आणि अशी रुजली की, चिंचगुळावाचून आमटीला चव नाही. चिंचोकेही वाया जात नाहीत. ते भाजून खावेत, फोडून त्यांचे फासे करावेत, दळून खळ करावी. घोंगडीला ताठपणा येतो तो याच खळीने.

आम्हां ग्वाल्हेरकर मराठी मंडळींना म्हणूनच हे झाड आपले वाटते. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली, ती उठलीच नाही. तिचेच 'लष्कर' हे शहर झाले. परक्या भूमीत मूळ धरणे म्हणजे काय, हे चिंचेने जाणले तसे आमच्या पूर्वजांनीही जाणले.

मात्र या चिंचेची एक करुण कथा आहे. एकोणिसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी नोंदवून ठेवले की, श्रद्धाळूंनी पाने ओरबाडून ओरबाडून मूळ झाड मारून टाकले. त्यांच्या वेळी उभे होते ते त्याच्याच बीजापासून उगवलेले. भक्तीनेच झाडाचा प्राण घेतला, आणि वंश राखला तो एका चिंचोक्याने!

ग्वाल्हेरच्या गायकीचेही असेच झाले. हद्दूखाँ-हस्सूखाँची विद्या वासुदेवबुवा जोशी यांनी येथे राहून आत्मसात केली. त्यांच्यापाशी शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती महाराष्ट्रात नेली, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली थेट लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. इकडे ग्वाल्हेरात शंकरराव पंडित व त्यांचे पुत्र कृष्णराव यांनी ती जोपासली. यांपैकी कोणाचाही गळा पाल्याने तयार झाला नाही. त्यामागे गुरुगृही काढलेली वर्षे होती.

तानसेन समारोहास येणाऱ्या वाचकांनी कबरीला वंदन अवश्य करावे, पण फांदीला हात लावू नये. खाली एखादा चिंचोका पडलेला दिसला तर तो उचलून न्यावा आणि आपल्या गावी मोकळ्या जागी पेरावा. चिंच सावकाश वाढते. तिच्या सावलीत बसतील ती बहुधा आपली नातवंडे. ती मराठी बोलतील आणि गातीलही, इतकी निगा मात्र आजपासूनच राखावयास हवी.